चाळीच्या जुन्या सागवानी तुळयांतून जेवणाचं टेबल: किती लाकूड घ्यावं?

लालबाग_दुसरा_मजला
शेजारची चाळ पाडतायत. ठेकेदार सागवानी तुळया घनफुटाच्या भावानं देतोय, साधारण ६ × ४ इंच, १० फूट लांब. त्यातून ५ × ३ फुटांचं टेबल करायचंय. सुतार म्हणतो दोन तुळया पुरतील. पुरतील का? आणि साग खरा की खोटा, हे जागेवर कसं ओळखायचं?

उभा_रंधा
दोन पुरणार नाहीत, तीन घ्या.

एका तुळईचे ६ × ४ × १० भागिले १४४, म्हणजे १.६७ घनफूट. पण तुळईची टोकं भिंतीत असतात आणि ओल धरून कुजतात ती तिथेच. दोन्हीकडून फूटभर उडवलं की राहिले ८ फूट: ५ फूट वरच्या फळ्यांना, ३ फूट पायांना. ४ इंच जाडीतला वरचा काळा थर गेला की ९० मिमी हाती लागतात. बँडसॉचे (पट्ट्याच्या यंत्रकरवतीचे) दोन छेद वजा जाता त्यातून २८ मिमीच्या तीन फळ्या निघतात, रंधा मारून त्या २२ वर येतात. रुंदी १४० मिमी. ३ फुटांना अशा ७ फळ्या लागतात आणि तीन तुळयांतून ९ मिळतात. उरलेल्या दोन फळ्या लांब आडपट्ट्यांना, म्हणजे फळीखाली पायांना जोडणाऱ्या पट्ट्यांना. ३ फुटांच्या दोन तुकड्यांतून ६५ × ६५ चे चार पाय, तिसऱ्यातून आखूड आडपट्ट्या.

म्हणजे ५ घनफुटांचे पैसे देऊन टेबलात जातं पावणेदोनच्या आसपास. यात सुतार काही लाटत नाही, बाकीचा भुसा आणि टोकं. ठेकेदार ऐकत असेल तर कुजकी टोकं कापूनच माप घ्यायला लावा.

खिळेकाढू
वरच्या हिशोबात खिळे राहिले. आरा मिलवाला जुनं लाकूड बघूनच तोंड वाकडं करतो, कारण एक खिळा लागला की पट्टा गेला. बऱ्याच ठिकाणी पट्ट्याचे पैसे गिऱ्हाइकाकडूनच घेतात, ते आधी विचारून ठेवा.

तारेच्या ब्रशनं माती झाडा आणि मग मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवा. नुसतं लोहचुंबक खोलवरचा खिळा दाखवत नाही. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असंच समजा; सागातल्या टॅनिनशी गंज मिसळून तो डाग पडतो. जुना खिळा डोक्याला धरून ओढला तर डोकं तुटून हातात येतं. आधी उलट बाजूनं पंचानं ठोकून तो सैल करा, मग जंबुरानं सरळ वर घ्या. आत तुटलाच तर भोवती पोकळ ड्रिल मारून काढा आणि भोकात त्याच तुळईच्या तुकड्याचं बूच बसवा, रेषा जुळवून. डाग नको असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, नंतर दोनदा पाण्यानं धुणं. विषारी आहे, हातमोजे घाला. मला विचाराल तर डाग राहू द्यावेत.

वखारीतला
ओळखायचं असेल तर आधी वजन करा. सुका साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो, म्हणजे तुमची तुळई ३०-३२ किलोची. ४० च्या वर गेली तर एकतर पाणी प्यायलेली आहे नाहीतर साग नाही. मग कोपऱ्यावर रंध्याचे दोन हात मारा. चामड्यासारखा वास, बोटाला किंचित तेलकटपणा आणि कापलेल्या टोकावर स्पष्ट दिसणारी वर्षवलयं, ही तिन्ही हवीत. कडेचं पांढरं लाकूड काढून टाका, भुंगेरा पहिला तिथेच शिरतो. बारीक भोकं दिसली तर तुळईखाली काळा कागद पसरून तीन आठवडे ठेवा. त्यावर ताजं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे.

सांधेवाला
जोडणीबद्दल कुणी बोललंच नाही, आणि टेबल बिघडतं ते तिथेच. सागाचं तेल गोंदाला धरू देत नाही. कडेला ताजा रंधा मारा, थिनरनं पुसा आणि त्याच तासाभरात फेविकॉल मरीन लावून क्लॅम्प करा. रंधा मारून दोन दिवस ठेवलेली कड नंतर उकलते. आडपट्टी पायात घालताना कुसू (पायाच्या खाचेत बसणारं पट्टीचं टोक) ८ मिमी जाड, ३५ मिमी खोल. स्क्रूला आधी भोक पाडा, जुनं लाकूड लगेच चिरतं.

वरची फळी मात्र आडपट्ट्यांना चिकटवू नका. मुंबईच्या हवेत ३ फूट रुंदी मे ते ऑगस्ट ५-६ मिमीनं फुगते. ती लांबट भोकांतून स्क्रूनं धरा, नाहीतर मधोमध तडा जाईल. आणि लाखेचं पॉलिश पावसात नकोच, पांढुरकी झाक येते.

लालबाग_दुसरा_मजला
तीनच घेतो. दोन तुळयांवर जुना हिरवा ऑइलपेंट आहे. तो जाळून काढू का?

खिळेकाढू
अजिबात नको. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, चाळीतला रंग त्याच्या कितीतरी आधीचा. जाळलात तर धूर छातीत, कोरडा घासलात तर धूळ घरभर. पाणी मारून ओला ठेवत पत्र्यानं खरवडा, एन-९५ मास्क लावून, खाली प्लॅस्टिक अंथरून. बाल्कनीत मुलं खेळत असतील तर तिथे नाही. तसंही आरा मिलवर चारही बाजूंचा थर निघणारच आहे, तेव्हा फक्त खिळे दिसण्यापुरता रंग काढा.