प्रतिसाद: जुन्या पेढीचा अभ्यास स्मरणिकेवरून?

वर एकांनी लिहिलंय की जुन्या पेढीचा इतिहास म्हणजे मालकाचं चरित्र आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, त्यातून धंद्याचं काय कळणार? स्मरणिकेबद्दल सहमत. पण माळ्यावरच्या वह्या उघडून बघा की.

मराठवाड्यातल्या सेलूकडच्या नात्यातल्या एका आडतीच्या (शेतमाल दलालीवर विकून देणारी पेढी) हिशेबाच्या वह्या मी दोन उन्हाळे चाळल्या. लाल कापडाची बांधणी, पहिल्या पानावर 'श्री', आत मोडी. (निम्म्या पानांवर वाळवीचाच हिशेब!) किर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेवार वही) ताडून पाहताना दिसलं की एका वर्षी उलाढाल सातव्या हिश्शाने खाली आली. मी लगेच मंदी, दुष्काळ अशी कारणं जुळवायला घेतली. घरच्या आजोबांनी वही हातात घेतली अन् हसले, "अरे, आधी हाली मांडलेत, इथून पुढं कलदार!" हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा; सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. धंदा होता तेवढाच होता.

सालांचंही तसंच. निजामाच्या हैदराबाद संस्थानात फसली सन, म्हणजे महसुली साल, चालायचा. 1357 फसली म्हणजे 1947-48, फसली सनात 590 मिळवायचे की इसवी सन.

खरी अडचण वेगळीच आहे. वह्या टिकल्या त्या टिकलेल्या पेढ्यांच्या. बुडालेल्यांच्या रद्दीत गेल्या, त्यामुळे जुने आडते सगळेच हुशार वाटतात. बुडालेल्यांचा माग काढायचा तर कोर्टातले वसुलीचे दावे नाहीतर जमिनीची गहाणखतं बघावी लागतात. निजामकाळातली पुष्कळशी उर्दूत. तुमच्याकडे उर्दू वाचणारं कुणी आहे का?