मदत हवी आहे: घर भरलेलं असताना असले प्रश्न विचारायचे कसे?

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एमएसडब्ल्यू करतेय, डिझर्टेशनचा विषय लैंगिक आरोग्य आणि त्याबद्दलची मतं, सर्व्हे करायचाय दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत. (आईला "आरोग्याचा सर्व्हे" एवढंच सांगितलंय.)

नमुना म्हणून ब्रिटनचा नॅटसॅल (लैंगिक वर्तनाबद्दलचा तिकडचा राष्ट्रीय सर्व्हे) वाचला. १९८९ ला थॅचर सरकारने पैसे नाकारले, मग वेलकम ट्रस्टने दिले आणि १९९०-९१ मध्ये जवळजवळ १९ हजार लोकांना विचारलं! नाजूक प्रश्न तोंडी नाहीत, उत्तरं लोक स्वतः भरतात, आधी कागदावर आणि दुसऱ्या फेरीपासून कॉम्प्युटरवर. तिसऱ्या फेरीत ७४ वर्षांपर्यंतचे लोक घेतलेत. आपल्या एनएफएचएसमध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात) मुलाखती बायकांच्या ४९ आणि पुरुषांच्या ५४ वर्षांपर्यंतच, साठीच्या पुढचे त्या मुलाखतींत येतच नाहीत आणि मला नेमके तेच हवेत.

पण आपल्याकडे काकू एकट्या सापडतील तर ना, सून चहा घेऊन येते आणि तिथेच बसते, नातू टॅब ओढतो, आणि टॅबवर स्वतः भरा म्हटलं की "तूच वाच गं, माझा चष्मा नाहीये". मग प्रायव्हसी कसली डोंबलाची. प्रश्न रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकवायचे आणि फक्त रंगीत बटण दाबायचं, असं कोणी केलंय का? कुठलं फुकट ॲप चालेल? आणि काकांशी बोलायला मुलाखत घेणारा मुलगाच लागेल का, गाईड म्हणतात लागेल, मला तितकंसं पटत नाहीये. फील्डवर्क केलेल्यांनी प्लीज सांगा, इनबॉक्स केलंत तरी चालेल.