अबोला आधी कोणी सोडायचा?

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र)

ए ५०२: नमस्कार मंडळी. उद्या सकाळी गच्चीवरच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बोलायची पाळी माझी आहे आणि विषय निघालाय ‘नात्यातला अहंकार’. मला भाषण करायचं नाही, एक प्रश्न मांडायचाय. माझ्या ओळखीच्या एका घरात बाप-लेक गेल्या दिवाळीपासून बोलत नाहीत. इमारत पुनर्विकासाला द्यायची की नाही यावरून शब्दाने शब्द वाढला. मुलगा बंगळुरूला असतो. आई दोघांशी बोलते, याचं त्याला आणि त्याचं याला कळवते. दोघांचंही म्हणणं एकच, “त्याने आधी फोन करावा.” अशा वेळी घरातल्या तिसऱ्या माणसाने काय करायचं?

सी १०३: काका, फोन मुलानेच करायला हवा. वयाचा मान असतो.

बी २०१: मान ठेवावाच. पण वडिलांनी लागट बोललं असेल तर? मोठ्यांनी वाटेल ते बोलायचं आणि लहानांनी गिळायचं, असं कुठवर चालणार?

सी १०३: गिळ म्हणत नाही दादा. फोन कर म्हणतोय.

बी २०१: फोन केला की चूक त्याचीच होती असं घरात ठरतं. म्हणून तर तो करत नाही.

बी ३०४: आत्ता दादा जे लिहितायत तिथेच सगळं अडतं. मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालयं आली आणि शक्य असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करायचा, ही जबाबदारी त्याच कायद्याने न्यायालयावर टाकली. त्यामुळे पक्षकार आमच्यासमोर येऊन बसत. कारणं नाना तऱ्हेची असायची: पैसा, सासर, फोन, मुलांची शाळा. थोडा वेळ ऐकून घेतलं की कारण मागे पडायचं आणि उरायचं ‘मीच का?’ मीच का आधी बोलायचं, मीच का आणायला जायचं. भांडण कशावरून झालं हे दोघांना नीट सांगता यायचं नाही, पण शेवटचा फोन कोणी केला होता ते दोघांनाही तारखेनिशी पाठ असायचं.

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना समोरासमोर बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं. बोलताना चेहरे टिपले, हृदयाचे ठोके मोजले आणि मग त्या जोडप्यांचं पुढे काय झालं ते कित्येक वर्षं पाहिलं. नातं पोखरणाऱ्या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. कृतीऐवजी माणसाच्या स्वभावावरच घाव घालणं, तुच्छतेने बोलणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. यातली सगळ्यात वाईट तुच्छता. “तुला काय कळतं त्यातलं!” असं पुन्हा पुन्हा ऐकणारा माणूस आधी तुटतो आणि वेगळा नंतर होतो. मला वाटतं, त्या घरात असंच एखादं वाक्य गेलं असणार. पुनर्विकासावरून मतं वेगळी असणं साहजिक आहे, तेवढ्याने कोणी इतके महिने गप्प बसत नाही.

ए ५०२: ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. “भाड्याच्या घरात राहतोस, तू मला घराचं शिकवू नकोस,” असं वडील म्हणाले होते.

डी २०४: पण ताई, रागात काहीबाही बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं ना? आमच्या घरी हीच पद्धत आहे.

बी ३०४: थांबणं आणि अबोला यांत फरक आहे, वहिनी. गॉटमन सांगतात की वादात हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही. शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. तेव्हा थांबावंच. पण सांगून थांबावं. “मला आत्ता बोलवत नाहीये, जेवणं झाली की बोलू,” असं म्हटलं की समोरच्याला परत येण्याची वेळ कळते. काही न सांगता खोलीचं दार लोटून घेतलं तर त्याला तो दंड वाटतो. मुलांना तर फारच. आईबाबा का बोलत नाहीत हे त्यांना कोणी सांगत नाही, मग आपलंच काही चुकलं असं ती धरून चालतात. माझं मत स्पष्ट आहे: अबोला हा अहंकाराचा सगळ्यात सभ्य दिसणारा प्रकार आहे. आवाज चढत नाही, शेजारी ऐकत नाहीत, म्हणून आपल्याकडे तो खपून जातो.

ए ६०१: ताई, छान लिहिलंत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी नवल केलंय की अहंकार अज्ञानी माणसाच्या फारसा मागे लागत नाही, जाणत्याच्याच गळ्याला झोंबतो. ए-५०२, त्या घरातले दोघेही शिकलेले असणार! वारीत पाहा, सत्तरीचा माणूस विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो, पोरगंही त्याच क्षणी वाकतं आणि दोघं एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. आधी कोण वाकलं हे तिथे कोणी बघत नाही.

सी ४०२: आजोबा, मनापासून नमस्कार. पण मला एक बोलायचंय. ‘अहंकार सोड, नमतं घे’ हे आपल्या घरांमधून कोणाला सांगितलं जातं? सुनेला. मुलाला नाही, सासऱ्यांना तर नाहीच. एखादी मुलगी म्हणाली की मला सगळ्यांसमोर असं बोलू नका, तर तिला अहंकारी ठरवतात. अशा चर्चेनंतर ‘मीच जुळवून घ्यायला हवं होतं’ असं तिलाच वाटत राहतं.

बी ३०४: बाळा, अगदी रास्त आहे तुझं. ‘मला असं बोलू नका’ हा स्वाभिमान आहे, तो नसेल तर नातं निरोगी राहतच नाही. कोणावर हात उगारला जातोय, पैसे अडवले जातायत, सतत घाबरवलं जातंय, तिथे अहंकाराची चर्चाच करू नये. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. अशा घरातल्या बाईला ‘तूच आधी बोल’ म्हणणं म्हणजे तिला परत संकटात लोटणं. मी जे लिहिते आहे ते दोन्ही बाजू सुरक्षित आहेत आणि फक्त मान आड येतोय, अशा घरांबद्दल.

बी २०१: हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून सुरू आहे. सुरुवातीला ७२४ पुरुष होते, पुढे त्यांच्या बायका-मुलंही त्यात आली. पन्नाशीत जे नात्यांत सर्वांत समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी सर्वांत निरोगी निघाले. म्हातारी जोडपी रोज कुरबुरत असली तरी अडीनडीला दुसरं माणूस उभं राहील याची खात्री असेल, तर स्मरणशक्ती जास्त चांगली टिकलेली दिसली.

डी २०४: म्हणजे आमची रोजची कुरबुर चालेल 🙏

ए ५०२: चालेल वहिनी, बोलणं चालू आहे ना! ताई, आता त्या आईंना काय सांगू?

बी ३०४: निरोप पोचवणं बंद करायला सांगा. मरे बोवेन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते, कुटुंबावर त्यांचं मोठं काम आहे. ते म्हणत की दोघांतला ताण असह्य झाला की ती दोघं तिसऱ्याला मध्ये ओढतात. त्याने ताण जरा हलका होतो आणि म्हणूनच मूळ भांडण मिटत नाही. त्या घरात आई बातम्या पुरवतेय, मुलाची तब्येत वडिलांना कळते, वडिलांचं औषधपाणी मुलाला. मग फोनची गरज उरते कुठे? आईने दोघांनाही प्रेमाने सांगावं, “मी कोणाच्या बाजूची नाही, पण त्याचं काय चाललंय ते त्यालाच विचार.” सुरुवातीला दोघंही तिच्यावर चिडतील, तिने तेवढं सोसावं.

सी १०३: आणि फोन कोणी करायचा, ते राहिलंच.

बी ३०४: ज्याच्या तोंडून ते वाक्य गेलं त्याने. इथे वडिलांनी. वयाचा मान मला मान्य आहे, पण घाव घालणारा मोठा असेल तर मुलाने तो कसा भरून काढायचा? पहिल्या फोनवर घराचा विषय काढायचा नाही. “भाड्याच्या घरावरून बोललो ते मी बोलायला नको होतं,” एवढंच म्हणावं आणि पुढे ‘पण’ लावू नये. त्याने उचलला नाही तर तेच दोन ओळींत लिहून पाठवावं, उत्तरासाठी मागे लागू नये. आणि मी फोन केला होता हे आईला, बहिणीला, कोणालाच सांगू नये. सांगितलं की लगेच ‘मी तर केला होता’ सुरू होतं.

ए ५०२: वडिलांशी मीच बोलतो. ते उद्या कट्ट्यावर येणारच आहेत.

बी ३०४: मग काका, हे उदाहरण तिथे काढू नका. कट्टा संपल्यावर त्यांना एकट्याला गाठा.

ए ५०२: हो ताई. तिथे दुसरं काहीतरी बोलतो.