कोयरी, बुट्टी, बूटा : नक्की कशाला काय म्हणायचं?

मेतकूट:
ब्लॉकप्रिंटच्या ओढण्या बघत होते. दुकानदार म्हणे 'केरी बूटा', आई म्हणे कोयरी, आणि ऑनलाइन सगळीकडे पेझली. तर कोयरी म्हणजे आंबा, कोय की हळदकुंकवाची कोयरी? आणि बूटा न् बुट्टी एकच का?

शेवखमणी:
मोठा तो बूटा, छोटी ती बुट्टी, पैठणीवर असते तीच. फारसीत बोते म्हणजे झुडूप, पंजाबीत रोपट्याला आजही बूटा म्हणतात. जयपूरजवळ सांगानेरला पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे कापडाच्या मोकळ्या पार्श्वभूमीवर, देठ, पानं, वर फूल अशी सुटी झाडं छापतात ना, तो शब्दशः बूटा. ओळीने चालली तर बेल, सगळं कापड भरून गुंतली तर जाल.

उंबरठा:
कोयरीत आंबा आपण नंतर बघितला असं माझं मत. १७व्या शतकातल्या काश्मिरी शालींवर साधं फुलझाड आहे, शेंडा जरासा कललेला, मग पुढच्या शतकात फुलांची गर्दी होत होत त्याचा गुच्छ झाला आणि १९वं शतक लागेपर्यंत बाहेरची रेघ बंद होऊन आत फुलं कोंडली गेली, शेंडा मात्र तसाच वाकडा. स्कॉटलंडच्या पेझली गावात याच शालींच्या नकला मागावर निघायच्या म्हणून ते नाव. कोणी म्हणतं वाकलेलं सरूचं झाड आहे, बंगालीत कलका म्हणतात. आपल्याकडे कुंकवाची कोयरी घरात होतीच, मग दुसरं काय दिसणार!

गुळपापडी:
पण ते विणकाम झालं, ठशाचं गणित वेगळं. तिथे एकेका रंगाला वेगळा ठसा, बाह्यरेषेचा रेख, जमिनीचा गद, आतल्या भरणीचा दत्ता. केसाएवढा देठ लाकडात कोरला तर तुटतो, म्हणून तो जाड होतो आणि पाच पाकळ्यांच्या जागी ठिपका येतो. शिवाय गिऱ्हाईक बदललं की नक्षी बदलते. गुजरातेत पेथापूरचे कारागीर सागवानात ठसे कोरतात, त्यांच्या ठशांनी छापलेलं 'सौदागिरी' कापड खास सयामला (आताचं थायलंड) जायचं, तिथल्या आवडीची नक्षी. तो व्यापार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बसला.

शेवखमणी:
अजरख या ठशाच्या कापडाचंही तेच. कच्छात मालधारी म्हणजे गुरं राखणारे पुरुष खांद्यावर टाकायचे, कमरेला गुंडाळायचे, दोन्ही बाजूंनी छापलेलं, चौकटीत बसवलेली नक्षी. आता त्याची साडी झाली म्हटल्यावर पदर वेगळा, काठ वेगळे, अंगावर सुटी बुट्टी, म्हणजे जुनी चौकटच मोडली. मला नाही आवडत, पण बायका घेतात म्हणून धंदा चालू आहे हेही खरं.

मेतकूट:
अजरख म्हणजे 'आज रख' ना? कापड आज राहू दे, उद्या पुढचा हात?

उंबरठा:
छान गोष्ट आहे, छापायला खरंच बरेच दिवस लागतात म्हणून पटतेही :) पण अरबीत अझरक म्हणजे निळा, ते जास्त जवळचं वाटतं. हल्ली हिरवं अजरख मिळतं, म्हणजे 'हिरवं निळं'!

गुळपापडी:
नावं कशी टिकतात बघा. मध्य प्रदेशात नांदणा छपाईत मिर्च, चंपाकली अशा बुट्ट्या आहेत, भिल्ल बायकांच्या घागऱ्यांसाठीच्या. तेच आता शहरात कुर्त्यावर येतं आणि लेबलवर नुसतं 'फ्लोरल'. निदान मिर्च तरी लिहा की.

मेतकूट:
आजी 'चिटाचा परकर' म्हणायची, ते चीट यातलंच का?

शेवखमणी:
हो, हिंदीतली छींट. मूळ अर्थ शिंतोडा, ठिपका. इंग्रजांनी त्याचंच चिंट्झ केलं.