पर्वतीच्या पायऱ्या आणि १९२९चा सत्याग्रह

पुण्यातील समतेच्या लढ्याच्या खुणांची यादी करताना फुले दांपत्याच्या कार्याशी जोडलेले भिडे वाडा आणि फुले वाडा यांचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. परंतु त्या यादीत पर्वती या टेकडीवरील देवस्थानाचा समावेश नसावा, याचे मला आश्चर्य वाटते. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह मार्च १९३०मध्ये सुरू झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर १९२९मध्ये, अस्पृश्यांना देवदर्शनाचा हक्क मिळावा म्हणून पुण्यात पर्वतीवर सत्याग्रह झाला होता, हे खुद्द पुणेकरांच्याही सहसा स्मरणात नसते. दलित नेते शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्यासोबत काकासाहेब गाडगीळ आणि तरुण एस. एम. जोशी हे त्यात उतरले होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, काही जण जखमी झाले आणि देवळाचे दार बंदच राहिले.

यांपैकी कांबळे यांची उपेक्षा मला अधिक खटकते. त्यांनी १९०८मध्येच ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि मुली देवाला वाहून त्यांना मुरळी करण्याच्या प्रथेविरुद्ध त्यातून मोहीम चालवली. एका मुरळीने स्वतःची कैफियत मांडणारे पत्र त्याच मासिकात प्रसिद्ध झाले होते, आणि माझ्या मते पुण्याच्या सामाजिक इतिहासात त्या पत्राचे मोल एखाद्या वाड्याहून कमी नाही.

आजकाल रोज पहाटे व्यायामासाठी त्याच पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या चढणाऱ्यांची (मीही त्यांतलाच) रीघ लागते.