मदत हवी आहे : घरात शिरलेल्या चोरावर परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली, आता काकांवरच गुन्हा

रानजाई :

नमस्कार. फौजदारी कायदा जाणणाऱ्या किंवा अशा प्रसंगातून गेलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे. तपास चालू असल्यामुळे नावं-गावं देत नाही.

माझे काका-काकू दोघंच राहतात. काकांनी सत्तरी ओलांडली आहे. घर एका बाजूला, म्हणून त्यांनी फार वर्षांपूर्वी बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना घेतला होता. नूतनीकरण वेळच्या वेळी केलेलं आहे, कागद सगळे जागेवर आहेत. मध्यरात्रीनंतर चौघं मागचं दार उचकटून आत आले. एकाकडे कोयता होता, दुसऱ्याकडे लोखंडी गज. काकूंच्या हातावर वार करून त्यांनी कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. काका बंदूक घेऊन बाहेरच्या खोलीत आले तेव्हा कोयतेवाला काकूंना सोडून त्यांच्या अंगावर धावला. काकांनी गोळी झाडली, ती त्याच्या मांडीत बसली. तो तिथेच पडला, बाकीचे तिघं पळाले.

इथपर्यंत कोणाचंच दुमत नाही. काकांनी दारात येऊन दुसरी नळीही झाडली, आणि अडचण तिथे आहे. ते म्हणतात, "परत फिरू नयेत म्हणून वर झाडली." पंचनाम्यात मात्र फाटकाच्या खांबावर कमरेएवढ्या उंचीला छर्ऱ्यांच्या खुणा नोंदवल्या आहेत. फिर्याद काकूंनी दिली. त्या तेव्हा आतच होत्या, त्यांनी नुसता आवाज ऐकला.

जबरी चोरीचा गुन्हा चौघांवर नोंदवला आहेच, पण जखमी चोराच्या जबाबावरून काकांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, वेगळा गुन्हा दाखल झाला. बंदूक, उरलेली काडतुसं, रिकाम्या पुंगळ्या, सीसीटीव्हीचा डीव्हीआर सगळं जप्त झालं. अटक अजून नाही, हजर राहण्याची नोटीस आली आहे. त्यातच परवाना रद्द का करू नये म्हणून कारणे दाखवा नोटीसही आली.

काका गप्प गप्प असतात. तो मुलगा वाचेल ना, एवढंच विचारत राहतात. आमच्यातले दोन वडीलधारे सांगतायत की "बंदूक झटापटीत चुकून सुटली असं म्हणा, म्हणजे प्रश्नच मिटला." मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना समजावता येत नाही. पोलिसांपुढे काय बोलावं? अटकपूर्व जामीन आत्ताच मागावा का? आणि तो जखमी दगावला तर पुढे काय?

शिशिर७ :

काकूंच्या जखमेचं वैद्यकीय प्रमाणपत्र घेतलंय का? नसेल तर सगळ्यात आधी ते. हातावरचा वार भरून येईल, मग कोर्टात दाखवायला काही उरणार नाही. उचकटलेलं दार दुरुस्त करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी "काकांनी धडा शिकवला" वगैरे लिहिलं असेल तर ते आजपासून बंद करायला सांगा. असे संदेश तपासात पुढे येतात आणि बचावासाठी झाडलेली गोळी सुडाची वाटायला लागते.

फौजदारी_वकील :

रानजाई, मी सत्र न्यायालयात बचाव पक्षाचं काम करतो. कागद पाहिल्याशिवाय खटल्याबद्दल बोलणं बरोबर नाही, तरी कायद्याची चौकट सांगतो.

आधी "चुकून सुटली" याबद्दल. हे अजिबात म्हणू नका. अपघात हा संहितेतला वेगळा बचाव आहे, कलम १८ चा. स्वसंरक्षणाचा बचाव कलम ३४ पासून ४४ पर्यंत येतो. स्वसंरक्षणात माणूस म्हणतो, हो, मी झाडली, कारण माझा जीव धोक्यात होता. अपघातात म्हणतो, मी झाडलीच नाही, ती सुटली. एकच माणूस दोन्ही म्हणू लागला की न्यायाधीश दोन्हींकडे संशयाने बघतात. तुमच्याकडे सरळ, खरा आणि मजबूत बचाव असताना तो हाताने मोडू नका. १९६८ च्या मुन्शी राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय विचारात घेऊ शकतं. पण म्हणून आपणच खोटं सांगून त्याची परीक्षा पाहायची नसते.

पहिल्या गोळीची मला फारशी काळजी वाटत नाही. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर कलम ३८ खाली हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही अधिकार जातो. मालमत्तेच्या बाबतीत कलम ४१ आहे. जबरी चोरी, तसंच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. कोयता घेऊन अंगावर येणाऱ्यापुढे घरमालकाने तोलून-मापून बळ वापरावं अशी अपेक्षा न्यायालय करत नाही. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली आणि गोळी झाडणाऱ्या आरोपीची मुक्तता केली. तुमच्या वकिलांना तो निकाल माहीत असणारच.

दुसरी गोळी मात्र नीट समजून घ्या. हा अधिकार धोक्याबरोबर सुरू होतो आणि धोक्याबरोबरच संपतो. कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीत तात्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवले जाण्याची भीती असेपर्यंत तो टिकतो, रात्रीच्या घरफोडीत घरातला शिरकाव चालू असेपर्यंत. पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडायला तो पुरत नाही. शिवाय कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. त्यामुळे सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर : त्या क्षणी ते तिघं नेमके कुठे होते आणि काय करत होते? फाटकाबाहेर गेले होते, की अंगणात थांबले होते? कोणी गज घेऊन परत वळलं होतं का? अंधारात काकांना किती दिसत होतं? हे काकांनी फक्त वकिलासमोर बसून, कोणीही न पढवता, आठवेल तसं सांगावं. जे आठवत नाही ते "आठवत नाही". खुणा कमरेच्या उंचीला असताना "आकाशात झाडली" हे पाठ करून घेतलंत तर न्यायवैद्यक अहवाल ते उलटवेल, आणि मग पहिल्या गोळीबद्दलचं खरं बोलणंही खोटं वाटेल. दुसऱ्या गोळीने कोणी जखमी झालेलं नाही, आणि कलम १०९ साठी सरकार पक्षाला मारण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध करावी लागते. तिथे भांडायला पुष्कळ जागा आहे.

अटकपूर्व जामीन : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४८२, अर्ज सत्र न्यायालयात. नोटीस आली म्हणजे अटक होणार नाही असं धरू नका, अर्ज तयार ठेवा. मात्र नोटिशीच्या तारखेला हजर राहा, टाळलंत तर अटकेला कारण मिळतं. चौकशीत स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, तो संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा हक्क आहे. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही करायची नसते, कोणी म्हटलं तरी.

जखमी दगावला तर कलमं वाढतील, बहुधा खुनाचं १०३ लागेल. पण पहिल्या गोळीचा बचाव तोच राहतो. आणि न्यायालयाला वाटलं की अधिकार होता पण काका त्याच्या पुढे गेले, तर कलम १०१ चा दुसरा अपवाद आहे : सद्भावनेने, आधी न ठरवता मर्यादा ओलांडली असेल तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो.

स्वसंरक्षणासारखा अपवाद लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पण सरकार पक्षासारखं संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, आपली बाजू जास्त संभाव्य आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. म्हणून काकूंच्या जखमेचा कागद, उचकटलेलं दार आणि डीव्हीआर यांना एवढं महत्त्व. डीव्हीआरमधल्या चित्रणाची प्रत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज करा.

शिशिर७ :

परवान्याच्या नोटिशीबद्दल थोडं. आमच्या ओळखीतल्या एकाला आली होती. उत्तर मुदतीत द्याच, उत्तर नाही गेलं तर एकतर्फी आदेश होतो. परवाना निलंबित किंवा रद्द करणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ मध्ये येतं आणि त्यावर कलम १८ खाली अपील आहे.

फौजदारी_वकील :

बरोबर. पण त्या उत्तरात घटनेचं वर्णन लिहायला जाऊ नका. ते उद्या फौजदारी खटल्यात दाखवलं जाईल. परवाना वैध होता, अटी पाळल्या होत्या, गुन्हा तपासाधीन आहे, एवढंच लिहा. तेही फौजदारी वकिलाच्या नजरेखालून जाऊ दे. परवाना वैध होता हे काकांच्या फार उपयोगी पडणार आहे. बिनपरवाना शस्त्र असतं तर स्वसंरक्षणातून सुटका झाल्यावरही शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ चा स्वतंत्र गुन्हा मानगुटीवर राहिला असता.

रानजाई :

दोघांचेही मनापासून आभार. वडीलधाऱ्यांना वकील साहेबांचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला, आता "चुकून सुटली" कोणी म्हणत नाही. काकूंचं वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयातून मिळालं आहे. जखमी मुलाला अतिदक्षता विभागातून हलवलं, हे काकांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा नीट जेवले.

उद्या सकाळी वकिलांकडे जातोय. एक गोष्ट राहिली : काकूंची साक्ष काकांच्या खटल्यात चालते का? पत्नी म्हणून तिला कमी वजन देतात असं कोणीतरी म्हणालं.

फौजदारी_वकील :

चालते. शिवाय त्या स्वतः जखमी आहेत, आणि जखमी साक्षीदाराची प्रत्यक्ष हजेरी न्यायालय सहज मान्य करतं. नातं आहे म्हणून साक्ष बाजूला टाकता येत नाही, फक्त जास्त बारकाईने तपासली जाते. दुसऱ्या गोळीच्या वेळी आपण आत होतो हे त्यांनी तसंच सांगावं. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नये.