किल्ल्यावर बॅटमॅन कुणाचा?

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार. किल्ला स्पर्धेचं परीक्षण उद्या संध्याकाळी ६ वाजता. बी विंगच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या जोडीला काही सुपरहिरो उभे असल्याची तोंडी तक्रार आली आहे. संबंधित पालकांनी लक्ष घालावे.

देशमुख काका (ए-२०३): तोंडी वगैरे काही नाही, मीच केली आहे. राजगड आहे तो. पाली दरवाजावर बॅटमॅन पहारा देतोय. हे चालणार नाही.

स्नेहा (बी-३०४): काका, मुलांना मावळे कमी पडले हो. बाजारातले संपलेत. गोखले काकूंनी खेळायला एक डबा दिला होता, त्यातले लावले. आता काढायला सांगितलं तर रडारड होईल.

देशमुख काका (ए-२०३): रडू देत. इतिहास आहे हा.

ओंकार (सी-५०२): कुणी जवळून फोटो टाकेल का?

स्नेहा (बी-३०४): टाकला बघ. मागे हलतोय तो ईशानचा हात आहे.

ओंकार (सी-५०२): स्नेहाताई, बुरुजावर तो कोट-हॅटवाला आहे ना, चेहरा नसलेला? त्याला आधी सावलीत घ्या. आणि त्याच्या पायाखालची माती ओली आहे का?

गोखले काकू (बी-४०२): अरे काय झालं? माझ्या अभिजितचा डबा आहे तो. माळा आवरताना सापडला. त्या हॅटवाल्याच्या तोंडाचा रंग उडालाय असं समजून मी तोच सगळ्यात आधी दिला पोरांना.

ओंकार (सी-५०२): रंग उडालेला नाही काकू, तो तसाच असतो. क्वेश्चन नाव त्याचं. मुखवटा घालून चेहरा सपाट करतो आणि सगळ्या जगावर संशय घेतो.

पाटील (सी-२०१): म्हणजे आपल्या ऑडिट कमिटीत बसेल.

सेक्रेटरी (ए-१०१): पाटील साहेब, विषयावर या.

ओंकार (सी-५०२): विषयच सांगतो. २००१ मध्ये कार्टून नेटवर्कची ‘जस्टिस लीग’ सुरू झाली, तेव्हा त्यात सातच जण होते. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकगर्ल आणि हिरवा मार्शियन मॅनहंटर. २००४ मध्ये तीच मालिका ‘अनलिमिटेड’ झाली आणि सातांची मोठी फौज झाली. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीनं या मंडळींचे पावणेपाच इंची, म्हणजे साधारण १२ सेंटीमीटरचे पुतळे काढले. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढंच हलतं. गुडघा नाही, कोपर नाही. काकूंच्या डब्यात तेच आहेत.

स्नेहा (बी-३०४): पण एकही धड उभा राहत नाही. मुलांनी पाय मातीत पुरून उभे केलेत.

ओंकार (सी-५०२): मालिकेतली पात्रं रेखाटणाऱ्या ब्रूस टिमच्या चित्रशैलीचा परिणाम आहे तो. छाती रुंद, खाली निमुळते पाय आणि पाऊल एवढुसं. कागदावर रुबाबदार दिसतं, पण टेबलावर तोल जातो. त्यातून प्लास्टिक मऊ. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळे काढले की पाय वाकतात आणि मंडळी पुढे झुकतात. जमवणाऱ्या बहुतेकांचे असेच झुकलेले असतात, तुमचे काही वेगळे नाहीत.

पाटील (सी-२०१): किंमत किती येईल ते सांग. डबाभर आहेत म्हणे.

ओंकार (सी-५०२): खेळून झालेले, सुटे सुपरमॅन-बॅटमॅन कुणी विचारत नाही. पॅकबंद असते तर गोष्ट वेगळी. पैशाच्या आशेनं हे जमवू नये, स्पष्ट सांगतो. आणि ‘मागे २००३ छापलंय म्हणजे जुना माल’ असं म्हणून कुणी विकत असेल तर तेही ऐकू नका. ते स्वामित्वहक्काचं वर्ष असतं. पुतळा नंतर कधीही साच्यातून निघालेला असू शकतो.

गोखले काकू (बी-४०२): तीन तीन सुपरमॅन आहेत रे यात. तिन्ही सारखेच. एवढे कशाला आणले असतील माझ्या दादानं, अभिजितच्या मामानं?

ओंकार (सी-५०२): त्यांची इच्छा नसणार काकू. तिघांचा संच मिळायचा, त्यात बरेचदा दोघं नेहमीचे आणि एक नवा. नवा हवा असेल तर सुपरमॅन पुन्हा घ्या. जगभरच्या जमवणाऱ्यांचं हे रडगाणं आहे. नवाही पूर्ण नवा नसायचाच. एकाच साच्यातलं अंग, त्यावर वेगळं डोकं आणि वेगळा रंग. मला मात्र त्याचा राग येत नाही. साचा महाग, रंग स्वस्त. अंग तेच वापरलं म्हणून तर ॲझटेकसारख्या, मालिकेत जेमतेम झळकलेल्या गड्याचाही पुतळा निघू शकला. व्हिजिलँटी, शायनिंग नाइट, डॉक्टर फेट, यांचे वेगळे साचे करायला कोण बसलं असतं? बॅटमॅन काय, कुठल्याही दुकानात मिळतो. मजा या मागच्या रांगेतल्यांची.

देशमुख काका (ए-२०३): मागच्या रांगेतलेच म्हणतोस तर येसाजी कंक लाव की त्या बुरुजावर.

ओंकार (सी-५०२): तो मिळाला असता तर मी पहिला घेतला असता काका. आणि तुमच्या बाजूनंही एक मुद्दा देतो. मापाचा. सहा फुटी माणूस १२ सेंटीमीटरचा केला म्हणजे पंधरावा हिस्सा झाला. आपले मावळे साधारण ५ सेंटीमीटरचे, म्हणजे जवळजवळ छत्तिसावा. एकाच तटावर दोन्ही मापं बसत नाहीत. फोटोत बॅटमॅन बुरुजापेक्षा उंच दिसतोय.

देशमुख काका (ए-२०३): बघा! मी म्हणत होतो काहीतरी खटकतंय.

स्नेहा (बी-३०४): ओंकार, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?

ओंकार (सी-५०२): क्वेश्चनच्या. काकू, बाकीचे चिकट लागतायत का हाताला?

गोखले काकू (बी-४०२): हो, तेलकट चिकट. मी थिनरनं पुसणारच होते.

ओंकार (सी-५०२): थिनर नको! नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यातलं काहीच नको, डोळे-भुवया सगळं निघून जाईल. ते तेल नाही. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात तेच वर येतं. बंद डब्यात, उकाड्यात जास्त. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, जुना मऊ ब्रश. मग सावलीत वाळवा. डब्यात डांबरगोळ्या असतील तर फेकून द्या, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक विरघळल्यासारखं मऊ पडतं. रबरबँडही काढा.

गोखले काकू (बी-४०२): डांबरगोळ्या आहेत खऱ्या. माळ्यावर सगळ्यातच टाकते मी.

पाटील (सी-२०१): माझ्या नातवाला असले नवीन बाहेरून मागवता येतील का?

ओंकार (सी-५०२): हे आता निघत नाहीत, जुनेच शोधावे लागतात. बाहेरून मागवणं म्हणाल तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांचं ६० केलं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. कुणी येणारं-जाणारं असेल तर बॅगेतून आणायला सांगणं सोपं. नातू चार वर्षांचा ना? हात-डोकं ओढून निघतं का ते आधी बघा, तोंडात जायला नको.

अभिजित (बी-४०२, सध्या स्टुटगार्ट): आत्ता ऑफिसमधून बाहेर पडलो, ग्रुप बघतोय. आई, तू माझा डबा वाटलास?

गोखले काकू (बी-४०२): वाटला नाही, खेळायला दिला. आणि तू सात वर्षांत एकदा तरी विचारलंस का त्याबद्दल?

अभिजित (बी-४०२): बरं. ते मामा न्यू जर्सीहून आणायचा. मालिका २००६ मध्ये संपली तरी पुतळे येत राहिले. २००८ पासून तिथल्या दुकानांत ते फक्त टार्गेट नावाच्या मोठ्या दुकानात मिळायचे, त्यामुळे मामी वाणसामानाला निघाली की मामाही मागोमाग खेळण्यांच्या रांगेत. क्वेश्चन आणि हंट्रेस तेवढे माझ्यासाठी ठेव. बाकी पोरांना देऊन टाक.

स्नेहा (बी-३०४): थँक्यू अभिदादा! हंट्रेस म्हणजे जांभळी का? ती भवानी आहे असं सांगून शेजारच्या चिऊनं तिला देवळात ठेवलंय. आणते परत.

देशमुख काका (ए-२०३): देवळात???

सेक्रेटरी (ए-१०१): कृपया शांतता राखावी. तोडगा सुचवा.

स्नेहा (बी-३०४): ईशान म्हणतोय की हे सगळे गड बघायला आलेले पर्यटक आहेत. गडाच्या पायथ्याशी गुंजवणे गाव केलंय ना, तिथं बस थांबलीय, तिच्याजवळ उभे करतो म्हणाला. गावातली घरं मोठी आहेत, मापही जुळेल.

देशमुख काका (ए-२०३): पायथ्याशी हरकत नाही. वर एकही दिसता कामा नये. गडावर प्लास्टिक नेत नाहीत.

पाटील (सी-२०१): काकांनी जिंकलं.

ओंकार (सी-५०२): काका, यावर बोलायला जागाच नाही. काकू, पर्यटक निदान उभे तरी राहू देत. पातेल्यात पाणी चांगलं गरम करा, उकळतं नको. गॅस बंद करून फक्त पाय बुडवा. मऊ झाले की चिमट्यानं बाहेर काढून सरळ करा आणि तसेच धरून गार पाण्यात घाला. पोरांना जवळ येऊ देऊ नका. जुनं पातेलं घ्या, खाण्याचं नको.

गोखले काकू (बी-४०२): तिन्ही सुपरमॅन उभे राहिले! ग्रीन लँटर्नही झाला. फ्लॅश मात्र अजून पुढेच झुकतोय. पुन्हा घालू का पाण्यात?

अभिजित (बी-४०२): राहू दे आई. धावणारा आहे, झुकलेलाच बरा दिसतो.